आक्षेप अमान्य

रामहरी सरांना कशाची किळस येत नाही ते विचारा. कशाची येते ते विचारायला बसलात तर तुमची एसटी निघून जाईल.

सकाळी आठला अकॅडमीचा जिना चढतानाच त्यांचं नाक वाकडं व्हायचं. जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. पिचकाऱ्यांच्या वर गेल्या वर्षीचा फ्लेक्स. त्यात नोकरी लागलेल्या पोरापोरींचे पासपोर्ट साईज चेहरे आणि मधोमध, सगळ्यांपेक्षा चौपट मोठे, गॉगल लावलेले अकॅडमीचे मालक भुजंग सर. नवख्या माणसाला वाटावं, नोकरी ह्यांनाच लागली. बरं, त्या चोवीस चेहऱ्यांतले नऊजण ह्या जिन्याची एक पायरी चढले नव्हते. कुठल्या तरी गावाकडून फोटो मागवायचे, पेढा भरवायचा, आणि "आमचा विद्यार्थी" म्हणून चिकटवायचं. "शी!" म्हणायचे सर आणि वर जायचे.

वर गेलं की ट्रिका. पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून यायची. घड्याळाच्या काट्यांचा कोन तीन सेकंदांत, दिशेचा प्रश्न न वाचता उत्तर. आणि वर्गात पहिला सवाल तोच, "सर, ह्याची ट्रिक काय?" की झालीच सरांच्या तळपायाची आग मस्तकात.

"भाकर खायची ट्रिक काय असती रे? घास तोंडात घालायचा आन् चावायचा! डोकं वापरायलाबी ट्रिक लागायली व्हय तुमाला?"

पोरं हसायची. रागावलेले रामहरी सर बघायला मजा यायची, हेही खरं.

बेचाळीस वर्षांचा हा माणूस अकरा वर्षं गंगाखेडात बुद्धिमत्ता चाचणी शिकवत होता. नातेसंबंध, बैठक व्यवस्था, दिशा, सांकेतिक भाषा, सगळं. भरतीच्या पोरांना त्यांचं नाव पाठ होतं ते एका कारणासाठी. सर प्रश्न स्वतः काढायचे. गाईडांतले प्रश्न पाहिले की त्यांना मळमळायचं. ह्या गाईडनं त्या गाईडातून उचललेलं, त्यानं तिसऱ्याच मुलखातल्या पुस्तकातून, आणि चुकांसकट. "अ, ब, क, ड, इ आणि फ हे गोल टेबलाभोवती बसले आहेत." सर पुस्तक आपटायचे. "गंगाखेडात कुणाच्या घरी गोल टेबल हाय रे? आन् हा फ कोण? फ म्हणून हाक मारली तर कोण वळून बघंल?"

त्यांच्या प्रश्नांत माणसं असायची. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात कोपऱ्यात बसून ते समोरचा बाक बघायचे. पालमच्या गाडीची वाट बघणारी बाई पिशवीवाल्याच्या शेजारी बसली नाही, म्हातारा टोकाला, दोन पोरींच्या मधे कुणी नाही. झाला प्रश्न तयार. एका प्रश्नाला कधी कधी अख्खा दिवस जायचा. मग त्या प्रश्नात दुसरं उत्तर कुठं दडून बसलंय का ते शोधायचं, डोक्यातली ऊ शोधावी तसं, केस न् केस बाजूला करून. "दुसरं उत्तर निघालं की प्रश्न मेला," असं ते म्हणायचे. "मेलेला प्रश्न पोरांच्या पुढ्यात टाकणारा माणूस म्हणजे शिळं अन्न वाढणारा."

ह्या खोडीमागं एक कागद होता. वर्गात फळ्याच्या वर, लॅमिनेशन करून टांगलेला. तेरा वर्षांपूर्वी सरांनी क्लार्कची परीक्षा दिली होती. एका गुणानं गेली. आणि तो एक गुण ज्या प्रश्नावर गेला, त्याचं छापील उत्तर चुकीचं होतं. रांगेत उभ्या माणसांचा प्रश्न होता. सरांनी चार पानांचा आक्षेप लिहिला, आकृत्या काढून, प्रत्येक माणूस कुठं उभा राहू शकतो ते दाखवून. तीन महिन्यांनी अर्ध्या कागदावर हातानं लिहिलेलं उत्तर आलं. "आक्षेप अमान्य. मूळ उत्तर कायम." बस. पुढच्या जाहिरातीपर्यंत सरांचं वय निघून गेलं.

प्रत्येक नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी सर तो कागद खाली काढायचे आणि बाकाबाकावरून फिरवायचे.

"बघा नीट. हे लिहिणाऱ्यानं माझी चार पानं वाचली असतील का? वाचली असती तर असं लिहिता आलं नसतं. आळशी माणसाचं अक्षर हाय हे. असल्या माणसाची मला शिसारी येती."

औंदा दिवाळीच्या दोन महिने आधी भुजंग सरांनी एक टूम काढली. भव्य निवड चाचणी. शंभर प्रश्न, सगळे बुद्धिमत्तेचे. पहिल्या येणाऱ्याला सहा महिने शिकवणी, हॉस्टेलची खोली आणि मेसचं जेवण, सगळं फुकट. सीट एकच. प्रश्न काढायचे रामहरी सरांनी.

ह्या एका सीटवर कितीजणांचा डोळा होता, पण जीव एकीचाच टांगला होता. चंदा. राणीसावरगावची, मेंढरंवाल्यांच्या घरातली सून. तेवीस वर्षांची. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं यायची, दुसऱ्या बाकावर डोक्यावरची ओढणी सावरत बसायची. तिला एक ट्रिक येत नव्हती. गाईडातला प्रश्न दिला तर ही बया आधी अ, ब, क यांची नावं ठेवायची. अ म्हणजे चुलता, ब म्हणजे थोरली जाऊ. मग सोडवायची. वेळ लागायचा, पण चुकायची नाही.

एकदा सरांनी विचारलं, "रांगेतला माणूस कमी हाय हे तुला इतक्या लवकर कसं कळलं?"

"कळपात एक कमी असलं तर मोजायच्या आधी कळतं, सर. जागा दिसती की रिकामी."

सरांचा बापही मेंढरंच राखायचा. पोरीचं उत्तर त्यांना लय आवडलं, आणि असं काही आवडायची त्यांना फार सवय नव्हती.

चंदाच्या घरचा हिशोब साधा होता. दिवाळी झाली की तिचा नवरा मल्हार आणि सासू अंबाबाई मेंढरं घेऊन बाहेर पडायची, ती पावसाळ्यापर्यंत. आज ह्या शिवारात, उद्या त्या. कोकरं सांभाळायला आणि चूल पेटवायला चंदा लागायची. भरती मार्चच्या आसपास होती. अंबाबाईनं स्वच्छ सांगितलं होतं, "सीट भेटली तर ऱ्हा गंगाखेडला, मी बघते मागचं. न्हाई भेटली तर मेंढरामागं चल. येऊन-जाऊन अभ्यास होत न्हाई. दोन्हीबी बुडायलंय." म्हणजे ही सीट, नाही तर कोकरं. मधलं काही नव्हतं.

आणि आता सरांची करणी ऐका. महिनाभर खपून त्यांनी नव्व्याण्णव प्रश्न काढले. एकेक पारखलेला. चाचणी रविवारी. शनिवारी दुपारी झेरॉक्सवाल्याचा माणूस दारात येऊन उभा, भुजंग सरांचा तिसरा फोन, आणि सरांची दाढ अशी ठणकत होती की डोळ्यांपुढं काजवे. एक प्रश्न कमी. टेबलावर ते जाडजूड गाईड पडलं होतं, ज्याच्या नावानं सर रोज बोटं मोडायचे. त्यांनी ते उघडलं. समोर जो प्रश्न आला तो उतरवला. उत्तरही तिथलंच उतरवलं. केस बाजूला करून बघणं नाही, काही नाही. दाढेवर लवंग दाबली आणि कागद झेरॉक्सवाल्याच्या हातात दिला.

शंभरावा प्रश्न असा होता. एका कार्यक्रमाला एक सासू, एक सून, एक आत्या व एक भाची उपस्थित होत्या. तर कमीत कमी किती स्त्रिया उपस्थित होत्या? पर्याय दोन, तीन, चार, पाच. गाईडात उत्तर तीन. खाली खुलासाही होता, की सासू हीच दुसऱ्या कुणाची आत्या असू शकते, परंतु सून व भाची या वेगळ्या असणार, म्हणून तीन.

सोमवारी यादी लागली. पहिला हरिओम, एक्याण्णव गुण. दुसरी चंदा, नव्वद.

हरिओम पोरगं वाईट नव्हतं. हुशार होतं, चाळीस ट्रिका तोंडपाठ. वीस मिनिटं आधी पेपर देऊन मोकळं. त्याच्या बापाचं कापडदुकान होतं आणि घर अकॅडमीच्या मागं दुसऱ्या गल्लीत. हॉस्टेलची खोली घेऊन तो काय करणार होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आक्षेपाच्या डब्यात सदतीस चिठ्ठ्या निघाल्या. सर वाचायला बसले आणि पाचव्या चिठ्ठीला त्यांच्या अंगावर काटा आला. "सर प्रश्न अवघड होता." "माझा पेन चालला नाही." "मला पण गुण द्या, मी पण रोज येतो." एकानं तर नुसतं हात जोडल्याचं चित्र काढलं होतं. ह्या:! लाज कशी वाटत नाही ह्यांना! सरांनी चिठ्ठ्या वाचायच्या सोडल्या आणि नुसतं लिहीत सुटले. आक्षेप अमान्य. मूळ उत्तर कायम. आक्षेप अमान्य. मूळ उत्तर कायम. सदतीस वेळा. आणि चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत.

संध्याकाळी व्हरांड्यात चंदानं त्यांना गाठलं. आजूबाजूला पाच-सहा पोरं होती.

"सर, शंभरावा. दोन व्हतंय ओ. आमच्या घरात..."

"ए बाई," सरांच्या दाढेचा ठणका अजून उतरला नव्हता, "घरचं घरी ठेव. पेपरात पेपरासारखं वागायचं. गाईडात तीन हाय, तीन!"

बोलून गेल्यावर सरांच्या लक्षात आलं की आपल्या तोंडून गाईड हा शब्द गेला. चहात माशी पडावी आणि घोट गिळून झाल्यावर दिसावी, तसं त्यांना झालं. पण ते थांबले नाहीत. चपला घालून जिना उतरले.

मंगळवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, रुपयाएवढं कुंकू, हातात कापडी पिशवी. मागं चंदा, खाली मान घालून.

"हितं रामहरी मास्तर कोन हाय?"

"मीच."

"मी अंबाबाई, राणीसावरगावची. ही चंदा. माझी सून."

"बरं. बसा."

"बसायला न्हाई आले. ही माझी सूनबी हाय आन् माझ्या सख्ख्या भावाची, रायभानाची लेकबी हाय. मी हिची आत्या, ही माझी भाची. कळलं का?" अंबाबाईनं पिशवी टेबलावर ठेवली. "आता मोजा. आमी किती जनी आलाव?"

गणिताचे सर चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

"मोजा की मास्तर! तिसरी कुटं हाय? रस्त्यात सांडून आलाव का आमी?"

"आत्या, हळू बोला," चंदा पुटपुटली.

"हळू कामून बोलू? सासू म्हनून एक तिकीट आन् आत्या म्हनून दुसरं, असं काढलं न्हाई मी कंडक्टरकडं. त्याला कळतंय, ह्यांना न्हाई कळत?"

मग तिनं पिशवीतून चंदाची चिठ्ठी काढली आणि सरांपुढं सरकवली. सरांनी ती पहिल्यांदा वाचली. खरंच पहिल्यांदा. "प्रश्न शंभर. माझं उत्तर दोन. सासू हीच आत्या असते आणि सून हीच भाची असते. आमच्याकडं अशी लग्नं लय होतात. प्रश्नात कमीत कमी असं विचारलंय, म्हणून दोन. कृपया तपासावे." चार ओळी, स्वच्छ. आणि त्याच्या खाली तिरपं, घाईचं, सरांचं स्वतःचं अक्षर. आक्षेप अमान्य. मूळ उत्तर कायम.

सरांना उठून वर्गात जाऊन बघायची गरज नव्हती. फळ्यावरचा तो कागद त्यांना पाठ होता. शब्द तेच. पूर्णविरामसुद्धा त्याच जागी.

"तुमचं बरोबर हाय," सर म्हणाले. "चूक माझी हाय."

"मंग सीट?"

"भुजंग सर दुपारून येतात. मी बोलतो. दोन केलं उत्तर की चंदाचा गुण वाढतो, हरिओमचा जातो. पहिली हीच."

चंदानं पहिल्यांदा मान वर केली.

दुपारी सर जेवायला घरी गेले. बायको, शिवकन्या, मेथी निवडत बसली होती. आई, धुरपताबाई, शेजारी लसूण सोलत होती. सरांनी चप्पलसुद्धा काढली नाही. दारातूनच विचारलं, "एक सासू, एक सून, एक आत्या, एक भाची. कमीत कमी बायका किती?"

"दोन," शिवकन्या म्हणाली. मेथीवरची नजरसुद्धा तिनं हलवली नाही.

धुरपताबाईनं सुनेकडं, म्हणजे आपल्या भावाच्या लेकीकडं, बघितलं आणि मग लेकाकडं. "ह्यात काय इचारायचं? आमी दोघी दिसंना झालाव का तुला?"

सर ताटावर येऊन बसले. पंधरा वर्षं ह्या दोघींच्या हातचं खाल्लं. पंधरा वर्षं शिवकन्या ह्या घरात आईला आत्या म्हणून हाक मारते. आणि ह्या घरातला बुद्धिमत्तेचा मास्तर पेपरात लिहून देतो की अशा बायका असू शकत नाहीत! दुसऱ्या कुणी केलं असतं तर सर त्याच्या नावानं थुंकले असते. आता थुंकणार कुणावर? ताट तसंच सारून ते उठले.

भुजंग सरांच्या केबिनमध्ये एसी होता आणि अत्तराचा असा दर्प की डोकं उठावं. सरांनी सगळं सांगितलं. भुजंग सरांनी ऐकलं, मोबाईलवर काहीतरी सरकवत.

"बॅनर छापायला गेलंय, सर."

"तर थांबवा. तिचं नाव टाका."

"तुमी लय भोळे बगा. हरिओम म्हणजे पक्कं लागणारं पोरगं. वर्षभरात जिन्यात फोटो. ही मेंढरामागची बाई, लगीन झालेली. चार महिन्यांत दिवस गेले म्हणून घरी बसली, तर माझी सीट वाया."

सरांना त्या अत्तराचीच ओकारी येतेय असं वाटलं. "तिचं उत्तर बरोबर हाय, भुजंग सर. बाकी तुमाला काय करायचंय?"

"बरोबर हाय ना? मग न्याय करू की." भुजंग सर खुर्चीत मागं रेलले. "प्रश्न रद्द. बोनस. ज्यांना ज्यांना त्या प्रश्नाचा गुण न्हाई मिळाला, त्यांनाबी एक गुण. तिचे एक्याण्णव. खूश?"

"हरिओमचे एक्याण्णवच."

"व्हय. दोघं सारखे. आन् सारखे झाले की पेपर आधी दिला तो पुढं. नियम छापलेला हाय, सर. हरिओमनं वीस मिनिटं आधी दिलाय."

"शी!" सर तोंडावर म्हणाले. "ह्याला न्याय म्हणता तुमी? किळस येती तुमची."

भुजंग सर रागावले नाहीत. हसले.

"प्रश्न कुणी काढला, सर? उत्तर कुणी दिलं? चिठ्ठीवर अमान्य कुणी लिहिलं? मी तर फक्त झेरॉक्स मारून आणली."

तडक राजीनामा द्यावा असं रामहरी सरांच्या मनात आलं. आलं आणि गेलं. दोन पोरं शाळेत होती आणि बेचाळिसाव्या वर्षी बुद्धिमत्तेला गंगाखेडात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ते केबिनचं दार लावून बाहेर आले, आणि दार हळू लावलं ह्याचीही त्यांना लाज वाटली.

जिन्यात अंबाबाई आणि चंदा पायरीवर बसल्या होत्या, फ्लेक्सच्या खाली. सरांनी त्यांना सांगितलं. बोनस काय, सारखे गुण काय, वीस मिनिटं काय. अंबाबाईला ते सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण चंदाला दुसऱ्याच वाक्याला कळलं. रांगेत आपण कुठं उभ्या आहोत ते तिला कधी दोनदा सांगावं लागलं नव्हतं.

सरांनी खिशातून एक कागद काढला. वरून येतानाच लिहिला होता. "आक्षेप मान्य. योग्य उत्तर दोन. चूक प्रश्न काढणाऱ्याची." खाली पूर्ण सही, तारखेसकट. तेरा वर्षं त्यांना वाटत आलं होतं की असा कागद कुणीतरी आपल्याला दिला असता, नोकरी नसती दिली तरी चाललं असतं, फक्त हा कागद, तर जीव थंडावला असता. त्यांनी तो दोन्ही हातांनी चंदाला दिला.

चंदानं दोनदा वाचला.

"सर, हे दाखवून खोली भेटंल का?"

"न्हाई."

"मंग ह्याचं काय करू?"

तेरा वर्षांत हा प्रश्न सरांना एकदाही पडला नव्हता. शेवटी म्हणाले, "मी पुस्तकं देतो. फोनवर शिकवतो तुला. रोज एक तास."

"रानात रेंज न्हाई सर."

"मास्तर, तुमी मानूस वाईट न्हाई," अंबाबाई लुगडं झटकत उठली. "पर एवड्या शिकलेल्या मानसाला कळाया मला राणीसावरगावाहून यावं लागलं, ह्याचं लय वाईट वाटलं बगा. चल पोरी. चारची गाडी चुकंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चंदानं नवा कागद पायरीवर, सरांच्या शेजारी ठेवला आणि ती सासूच्या मागं उतरून गेली. आदल्या दिवशीची चिठ्ठी वर टेबलावर तशीच पडली होती.

दिवाळी झाली. नवा फ्लेक्स लागला. मधोमध भुजंग सर, शेजारी हरिओम, आणि कडेला, कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही, रामहरी सरांचा जुना फोटो. "बुद्धिमत्ता तज्ज्ञ." मोफत सीटची खोली वरच्या मजल्यावर कुलूप लावून पडली होती. हरिओम घरून जेवून यायचा.

नवी बॅच सुरू झाली. साठजण, पहिल्या बाकावर हरिओम. सर आत आले. सगळ्यांची नजर फळ्याच्या वर गेली. त्या कागदाची गोष्ट सर पहिल्या दिवशी सांगतात, हे नव्या पोरांनाही ठाऊक होतं. सरांनी कागद काढला नाही. फळ्याकडं वळून शंभरावा प्रश्न लिहिला.

"तीन!" लिहून व्हायच्या आधीच अख्खा वर्ग ओरडला.

सर वळले. "कुणाकुणाच्या घरात आत्या हीच सासू हाय? आईची, वहिनीची, कुणाची का असंना. हात वर करा."

खसखस पिकली. एकेक करत एकोणीस हात वर आले.

"तुमच्या घरात सासू, सून, आत्या, भाची मिळून बायका किती?"

"दोन!"

"आन् ह्या प्रश्नाचं उत्तर?"

"तीन!"

"का?" सरांचा आवाज चढला. "डोळ्यांनी दोन बघता आन् तीन लिहिता? का?"

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. राजेश्री नाव तिचं, सेलूकडची.

"घरात दोन असू द्या सर, पर पेपरात पेपरासारखं वागायचं. तुमचीच ट्रिक हाय की ती. जुन्या पोरांनी ग्रुपवर टाकलीय. लय चालायली."

ती कौतुकानं बोलत होती. पिचकाऱ्या, फ्लेक्स, गाईडं, अत्तर, सगळ्यांना पुरून उरेल अशी किळस सरांच्या पोटातून वर आली, आणि ती कुणावर टाकावी म्हणून त्यांनी वर्गभर नजर फिरवली. कुणीच सापडलं नाही.

त्यांनी खिशातून चंदाची चिठ्ठी काढली आणि पहिल्या बाकावर ठेवली.

"फिरवा. सगळ्यांनी वाचा. वर लिहिलेलं बरोबर हाय. खाली ज्यानं अमान्य लिहिलं, त्यानं ते वाचलं असंल का? वाचलं असतं तर असं लिहिता आलं नसतं. आळशी माणसाचं अक्षर हाय. असल्या माणसाची मला शिसारी येती."

चिठ्ठी बाकाबाकावरून फिरली. शेवटी पुन्हा हरिओमकडं आली.

"कुणाचं अक्षर हाय सर हे?"

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर, शंभराव्या प्रश्नाच्या खाली, लिहिलं. आक्षेप अमान्य. मूळ उत्तर कायम. तिरपं, घाईचं, नेहमीसारखं. हरिओमनं चिठ्ठी फळ्याकडं धरून पाहिली, शेजाऱ्याला दाखवली, आणि मग कुणीच हसलं नाही.

हरिओमनंच शेवटी हजेरीचं पुस्तक पुढं केलं. "हजेरी राहिली सर. मी मोजलेत. साठच्या साठ आलेत."

"न्हाई," सर म्हणाले. "एक कमी हाय."